रंकाळ्यावर चतुर दिसत नाहीत? आधी घड्याळ बघा, मग पाणी

तुमचा प्रश्न असा आहे की कोल्हापुरात बदली होऊन आलोय, रविवारी सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर जातो, पण एक केशरी पंखांचा चतुर (ड्रॅगनफ्लाय) आणि एखाददुसरी टाचणी (त्याचीच बारीक अंगाची बहीण, डॅमसेलफ्लाय) सोडली तर काही दिसत नाही, तर गावाकडच्या चांगल्या जागा सांगा, बाईक आहे, 300 ची लेन्स आहे, आणि दाजीपूरच्या अभयारण्यात जावंच लागतं का? मी या भागात बरीच वर्षं चतुर-टाचण्या बघत आणि लोकांना दाखवत फिरतोय, त्यामुळं जागांची नावं लगेच देऊ शकतो, आणि देणारच आहे. पण नुसती नावं घेऊन गेलेली माणसं परत येऊन "तिथं काहीच नव्हतं ओ" म्हणतात, हे नेहमीचं आहे. तुमची अडचण जागेची अर्धीच आहे. उरलेली अर्धी वेळेची, आणि कुठलं पाणी बघायचं याची.

वेळेचं पहिल्यांदा. पक्षी बघणारे अंधारात उठून निघतात म्हणून आपणही तसंच करायचं असं बहुतेकांना वाटतं. चतुराचं उलटं आहे. त्याचं अंग उन्हानं तापल्याशिवाय उडायचे स्नायू नीट चालत नाहीत, म्हणून साडेसहाला तो कुठंतरी गवतात, झुडपात लटकलेला असतो आणि तुम्ही पाण्याकडं बघत उभे असता. साडेनऊ ते साडेबारा ही खरी वेळ. तेव्हा निवांत उठा, मिसळ खाऊन निघा, काही चुकत नाही. भर दुपारी ऊन फार झालं तर काही चतुर शेपटीचं टोक सरळ सूर्याकडं करून काडीवर उभे राहिल्यासारखे दिसतील, अंगावर ऊन कमी पडावं म्हणून ते तसं करतात, फोटोला एकदम भारी पोझ मिळते. सकाळी लवकर जाण्याचा एकच उपयोग, दवानं भिजलेल्या टाचण्या गवतावर न हलता बसलेल्या सापडतात, आणि नशीब असेल तर पाण्याच्या काठाला कातीतनं नुकताच बाहेर पडलेला, मऊ, फिकट चतुर दिसतो. ते बघायचं असेल तर साडेसहा ठीक, पण मग नजर लव्हाळ्यात ठेवायची, पाण्यावर नाही.

आता पाणी. चतुर आणि टाचणी दोघांचंही पोरपण पाण्यात जातं, पिल्लं पाण्यातच डासांच्या अळ्या, बेडकाची पिल्लं असलं खाऊन वाढतात, त्यामुळं मोठा झालेला नर पाण्याच्या काठाला आपली हद्द राखून मादीची वाट बघत बसतो. मादीला अंडी कुठं घालायची असतात यावर सगळं ठरतं. टाचण्या सहसा पाण्यातल्या किंवा काठावरच्या वनस्पतीच्या देठात चीर पाडून आत अंडी घालतात. बऱ्याच चतुरांच्या माद्या नुसतं शेपटीचं टोक पाण्याला टेकवत टेकवत अंडी सोडतात, त्यांना देठ लागत नाही. म्हणजे जिथं काठाला दगडी घाट किंवा काँक्रीट आहे तिथं चतुर येतील पण टाचण्या कमी, आणि जिथं लव्हाळं, पाणकणीस, पाण्यात लोंबलेलं गवत आहे तिथं टाचण्यांची चंगळ. एवढं डोक्यात बसलं की अनोळखी गावात गेलात तरी काठ बघून अंदाज येतो.

रंकाळ्याचं तेच झालंय. तुम्ही ज्या बाजूला फिरता तिथं बहुतेक बांधीव काठ आहे, आणि शहरातलं साठलेलं पाणी, त्यात केंदाळाचा (जलपर्णीचा) त्रास. तुम्हाला दिसलेला केशरी पंखांचा तो बहुतेक डिच ज्वेल, नावातच गटार आहे, घाण साठलेलं पाणी त्याला चालतं आणि दुसऱ्यांना चालत नाही म्हणून तोच दिसतो. रंकाळा वाईट नाही, पण तिथं दहा वाजता जाऊन गवताळ कोपरा शोधा. त्यापेक्षा कळंबा तलाव बरा, भिंतीच्या बाजूला न थांबता मागं जिथं पाणी उथळ होत शेताला लागतं तिथं जावा. राजाराम तलावाचंही तसंच. विद्यापीठाच्या आवारातले तलावही चांगले आहेत, आत फिरायचं तर गेटवर विचारून घ्या. या तीन-चार ठिकाणी पावसाळा संपता संपता गेलात तर लाल क्रोकोथेमिस, हिरवट-काळ्या पट्ट्यांचा ग्रीन मार्श हॉक (हा इतर चतुरसुद्धा धरून खातो), पिवळ्याधमक शेपटीची कोरोमंडल मार्श डार्ट, पंखांवर पिवळ्या-काळ्या नक्षीचा पिक्चर विंग, एवढं आरामात मिळावं. शिकायला हे पुरेसं आहे आणि पेट्रोलही लागत नाही.

गावाकडं जायचं म्हटलं की मी नेहमी एकच सांगतो, जागा निवडू नका, नदी निवडा आणि तिच्या काठानं पश्चिमेला चढा. आपल्या जिल्ह्याची गंमत बघा, गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि शिरोळात त्याच्या दहाव्या भागाएवढा, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. पंचगंगेच्या नद्या, म्हणजे कासरी, कुंभी, तुळशी, भोगावती, या सगळ्या तिकडनं येतात. वर जंगलातला खडकाळ ओढा, मधे भाताची खाचरं आणि छोटे तलाव, खाली ऊस आणि बंधाऱ्यानं अडवलेलं संथ पाणी. प्रत्येक टप्प्यावर चतुर वेगळे. एका दिवसात एवढा फरक बघायला मिळतो असे जिल्हे फार नाहीत.

तुमच्यासाठी गगनबावडा रोड सांगतो, कारण बाईकवर सोपा आहे, रस्ता बराचसा कुंभीच्या खोऱ्यातनंच जातो आणि मुख्य म्हणजे उन्हाचा हिशोब बरोबर बसतो. खालचं उघडं पाणी साडेनवालाच तापतं, जंगलातल्या ओढ्यावर ऊन पोचायलाच अकरा-साडेअकरा होतात, सूर्य डोक्यावर आल्याशिवाय झाडीतनं उजेड खाली येत नाही. म्हणजे तुम्ही जसे पश्चिमेला सरकाल तसं ऊन तुमच्या आधी तिथं पोचलेलं असतं. उलटा प्रवास केलात, आधी घाटमाथ्यावर आणि मग खाली, तर दोन्हीकडं चुकीच्या वेळी पोचाल.

पहिला थांबा बालिंग्याच्या पुढं कुठलाही कोल्हापुरी बंधारा, कळ्याचा घ्या. बंधारा का, तर एकाच ठिकाणी दोन प्रकारचं पाणी मिळतं. पावसाळा संपला की दगडी खांबांमधे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि वरच्या अंगाला पाणी तलावासारखं थांबतं, खालच्या अंगाला खडकांवरनं पातळ धार वाहत राहते. वरच्या अंगाला पाण्यातनं वर आलेल्या वाळक्या काडीच्या टोकावर काळा-पिवळा दांडगा चतुर बसलेला दिसेल, शेपटीच्या टोकाजवळ पानासारखे दोन पदर असतात, तो कॉमन क्लबटेल. काठाच्या गवतात निळ्या अंगाची, केशरी तोंडाची टाचणी दिसली की सॅफ्रन फेस्ड ब्लू डार्ट. खालच्या अंगाला दगडांवर गुलाबी-जांभळट ट्रायथेमिस ऑरोरा आणि काळपट निळा ट्रायथेमिस फेस्टिव्हा, दोघेही एकाच दगडासाठी भांडताना दिसतात. बंधाऱ्याच्या भिंतीवर आणि दगडांवर वाळलेल्या काती चिकटलेल्या असतात त्या जरूर बघा. उडणारा चतुर दुसरीकडनं आलेला असू शकतो, कात असली म्हणजे तो इथंच वाढलाय हे पक्कं. बरगे आहेत की काढलेत यावर चित्र बदलतं, आणि 2019, 2021 सारखा महापूर येऊन गेला की काठाचं गवत पार खरवडून निघतं, त्या वर्षी टाचण्यांसाठी थोडं थांबावं लागतं.

दुसरा थांबा भाताची खाचरं, कळे ते साळवण कुठंही. इथं लोक थांबतच नाहीत, बघायला काय आहे भातात म्हणतात. सप्टेंबरात बांधावर उकिडवं बसा आणि गुडघ्याच्या उंचीवर नजर ठेवा. पिग्मी डार्टलेट म्हणून एक टाचणी आहे, जेमतेम दोन सेंटिमीटरची, उभं राहून ती दिसतच नाही. बरोबर गोल्डन डार्टलेट असते, आणि जमिनीवर टेकून बसणारा ग्राउंड स्किमर पायापायाला उठतो. औषध फवारलेलं शेत असेल तर मात्र काही मिळायचं नाही, वास येतोच, पुढं चला. प्लास्टिक अंथरलेली शेततळी पण मी सोडून देतो, काठाला गवतच नसतं.

तिसरा थांबा वेसरफ किंवा अणदूरचा तलाव. छोटे पाटबंधारे तलाव आहेत, पाणी स्वच्छ, मागच्या टोकाला जंगलाकडनं ओढा येऊन मिळतो. तिथंच जायचं, भिंतीवर नाही. तलावावर डार्नर म्हणतात ते मोठे चतुर घिरट्या घालताना दिसतील, हे सहसा बसत नाहीत, फोटोच्या मागं लागून दमू नका, दुर्बिणीनं बघा आणि सोडून द्या. ओढा मिळतो त्या सावलीच्या जागेत पिवळ्या पायांची यलो बुश डार्ट मिळते.

आणि चौथा, ज्याच्यासाठी एवढं यायचं, गगनबावड्याच्या अलीकडं-पलीकडं झाडीतनं वाहणारा कुठलाही बारमाही ओढा. इथं टाचण्यांचं दुसरंच जग आहे. स्ट्रीम ग्लोरीचा नर पंख मिटून बसला की साधा तपकिरी वाटतो, मादी जवळ आली की मागचे पंख उघडतो आणि त्यावर हिरवा धातूसारखा रंग चमकतो, पहिल्यांदा बघणारा माणूस कॅमेरा विसरतो. पाण्यात पडलेल्या लाकडावर बुटक्या अंगाच्या रिव्हर हेलिओडोर आणि स्ट्रीम रुबी बसतात, त्या लाकडावरनं उठल्या तरी परत तिथंच येतात. काठाच्या सावलीत झुडपांवर फॉरेस्ट ग्लोरी चार-सहा एकत्र बसलेल्या असतात, हिरवट चमकदार अंग, लांब पाय, यातल्या एका जातीच्या पंखांची टोकं काळी. ढगाळ दिवस निघाला तरी या फॉरेस्ट ग्लोरी मिळतात, कारण त्या तशाही सावलीत राहणाऱ्या.

महिन्यांचं सांगितल्याशिवाय वरचं सगळं अर्धवट आहे. माझ्या मते 15 सप्टेंबर ते नोव्हेंबर अखेर हा सगळ्यात चांगला काळ, पाणी भरपूर, ऊन असतं, गवत उभं असतं. जुलै-ऑगस्टात पश्चिमेला जाऊन उपयोग नाही, ओढे फुगलेले असतात आणि ऊनच पडत नाही, त्या दिवसांत शहराच्या पूर्वेला, हातकणंगले-शिरोळकडं उघडीप मिळते. त्याच दिवसांत मैदानांवर, रस्त्यांवर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालतात, तो वाँडरिंग ग्लायडर. पावसाच्या डबक्यात महिना-दीड महिन्यात त्याची पिल्लं वाढून उडतात, आणि पावसाळा संपताना हाच चतुर भारताकडनं मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातो असं मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी 2009 साली मांडलं. म्हणजे शिवाजी स्टेडियमवर क्रिकेट बघताना डोक्यावर फिरणारा किडा परदेश दौऱ्यावर निघालेला असू शकतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळ गार असते, अकराच्या आत काही हलत नाही. मार्च ते मे नद्या आटतात तेव्हा उरलेल्या डोहांवर सगळे गोळा होतात, ऊन सोसलं तर ते दिवसही वाया जात नाहीत.

बाकीच्या जागा पटापट सांगतो. मसाई पठार, पन्हाळ्याच्या पुढं, जांभ्या खडकावर पावसाळी डबकी होतात, तिथं थोड्या दिवसांत वाढणाऱ्या जाती मिळतात, पण वारा आणि धुकं असलं की फेरी फुकट, फुलांच्या दिवसांत रविवारी तर गर्दीच असते, जमलं तर मधल्या वारी जावा. आंबा आणि बरकीकडचे ओढे गगनबावड्याच्या तोडीचे. आजऱ्याजवळ हिरण्यकेशीवर रामतीर्थ, खडकाळ पात्र, क्लबटेल कुळातल्या चतुरांसाठी मला आवडणारी जागा. तिथनं पुढं आंबोली सिंधुदुर्गात जाते पण आपल्याला जवळच, आणि तिच्या शेजारच्या चौकुळमधनं 2022 साली बर्मागॉम्फस चौकुळेन्सिस ही चतुराची नवी जात शास्त्रज्ञांनी जाहीर केली. त्याच्या आदल्या वर्षी साताऱ्याच्या ठोसेघरवरनं युफिया ठोसेघरेन्सिस ही टाचणी. सह्याद्रीचा या दोन्हींच्या मधला मोठा तुकडा आपल्या जिल्ह्यात येतो, तेव्हा तुमच्या फोटोत काय सापडेल सांगता येत नाही, सगळे फोटो ठेवा.

दाजीपूरला जावंच लागतं का? नाही. अभयारण्य सुंदरच आहे, पण ते गव्यांसाठी आणि जंगलासाठी. आत गाडीतनं फिरताना ओढ्याजवळ तास-तास बसायला मिळत नाही आणि चतुर बघायचं म्हणजे बसणंच असतं. पावसाळ्यात सफारी बंद असते, कधी सुरू होणार ते वन विभागाला विचारा. त्यापेक्षा राधानगरी गावाच्या अलीकडं भोगावतीच्या काठाला, हळदी-राशिवड्याच्या बंधाऱ्यांवर जास्त वेळ घालवा. कुठंही गेलात तरी जाळीनं पकडायच्या भानगडीत पडू नका, अभयारण्यात तर मुळीच नाही.

लेन्सचं म्हणाल तर 300 चालते, फक्त ती किती जवळनं फोकस करते ते बघा. पिग्मी डार्टलेटला ती कमी पडेल, कॅमेरा आणि लेन्सच्या मधे स्वस्तातली एक्स्टेंशन ट्यूब लावली की भागतं. चतुर उडाला तर मागं धावू नका, दगडांवर, काडीवर बसणारे बहुतेक नर फेरी मारून त्याच जागी येतात, तुम्ही खाली बसून आपली सावली त्याच्यावर पडणार नाही एवढं बघा. ओळख पटवायची असेल तर एक बाजूनं, एक वरनं, एक तोंडाचा आणि एक शेपटीच्या टोकाचा असे फोटो घ्या, कारण बऱ्याच जाती शेपटीच्या टोकावरच्या चिमट्यांवरनंच ओळखतात. मग ओडोनाटा ऑफ इंडिया या वेबसाईटवर तुलना करा किंवा आयनॅचरलिस्ट या ॲपवर टाका, तारीख आणि गावाचं नाव मात्र नक्की लिहा. आणखी एक, फक्त पाण्याला चिकटून राहू नका. काठावर दिसतात ते बहुतेक नर, माद्या आणि कोवळे चतुर पाण्यापासनं लांब उसाच्या कडेला, बांधावरच्या गवतात असतात, त्यांचे रंगही वेगळे असतात आणि नवीन माणूस त्यांना वेगळी जात समजतो.

शेवटचं जरा नीट वाचा. नदीकाठाला पाणी उपसायच्या मोटारी असतात, त्यांच्या वायरी गवतातनं, चिखलातनं गेलेल्या असतात, ओल्या काठावर गुडघे टेकून फोटो काढायच्या आधी आजूबाजूला वायर आहे का बघा, कुठं जोड उघडा दिसला तर तिथनं लांब व्हा. बंधाऱ्यावरनं पाणी वाहत असेल तर त्यावर पाय ठेवू नका, कितीही कमी वाटलं तरी. पश्चिमेला गवे हल्ली उसातसुद्धा येतात, सकाळी लवकर आणि संध्याकाळी उसाच्या कडेला एकटे शिरू नका. पावसाळ्यानंतर ओढ्याकाठी जळवा असतात, तंबाखूची पुडी किंवा मीठ जवळ ठेवा. आणि शेतात शिरायच्या आधी दिसेल त्या माणसाला "मामा, ओढ्याकडं चाललोय, चतुर बघायला, जाऊ का?" एवढं विचारा. कोणी नाही म्हणत नाही, उलट "त्ये काय बघायचं आन" म्हणून हसतात, आणि अर्ध्या वेळा तेच सांगतात की वरच्या अंगाला एक डोह हाय, उन्हाळ्यातबी आटत न्हाई. तो डोह कुठल्या यादीत नसतो, तिथं जावा.